पायडल, पायतण आणि पकड : नालवाडी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

सायकलच्या इतिहासात चाक, साखळी आणि हवेची धाव यांना जेवढे महत्त्व मिळाले तेवढे पायडलला मिळाले नाही. वास्तविक, सायकल हे यंत्र आणि ते चालविणारा मनुष्य यांचा खरा संयोग पायडलवरच होतो. हातांनी दिशा दिली जाते, बैठकीवर भार पडतो. परंतु शक्ती मात्र पायाच्या तळव्यातून पायडलमध्ये उतरते. हा पाय पायडलवर नुसता टेकलेला असावा की त्याला पट्ट्याने, चापाने अगर खटक्याने बांधून ठेवावे, हा प्रश्न गेली सव्वाशे वर्षे सायकलस्वारांपुढे आहे. वरकरणी तो केवळ तांत्रिक आहे. पण पायात काय घातले आहे, रस्ता कसा आहे, पाय किती वेळा जमिनीवर टेकवावा लागतो आणि त्या पायाला स्पर्श कळतो की नाही, या गोष्टी विचारात घेतल्या म्हणजे त्याचे सामाजिक अंग स्पष्ट होते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार वर्धा शहरालगतच्या नालवाडी या गावाच्या संदर्भात केला आहे. नालवाडीत सायकलच्या पायडलचा शोध लागला नाही किंवा तेथे सायकलचा कारखानाही निघाला नाही. तथापि, १९३० च्या दशकात या गावात व त्याच्या आसपासच्या काही मैलांच्या परिसरात पायाशी निगडित असे तीन प्रश्न एकाच वेळी हाताळले जात होते. पायाने यंत्र कसे चालवावे, पायात घालावयाचे पायतण कोणी व कोणत्या कातड्याचे करावे, आणि रोगाने बधिर झालेल्या पायाची काळजी कशी घ्यावी, हे ते तीन प्रश्न होत. पायडलच्या निवडीचा विचार शर्यतीच्या मैदानावरून सुरू करण्याऐवजी या परिसरातून सुरू केल्यास त्याचे निकष बदलतात, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

१. जमिनीवरून यंत्रावर आलेला पाय

सायकलचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या यंत्राला पायडल नव्हतेच. जर्मनीतील कार्ल द्राइस यांनी १८१७ मध्ये तयार केलेल्या दोन चाकांच्या गाडीवर बसून स्वार आळीपाळीने पायांनी जमीन मागे लोटीत असे. पाय आणि जमीन यांचा संबंध तेथे तुटलेला नव्हता. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसाला दांडे व पायडल जोडलेल्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि पाय प्रथमच जमिनीपासून पूर्णपणे सुटून यंत्राच्या स्वाधीन झाला. १८७० च्या दशकातील उंच चाकाच्या सायकलीवर तर स्वार जमिनीपासून इतका वर बसे, की खड्ड्यात चाक अडकल्यास तो डोक्यावर आदळण्याचा संभव असे. अशा गाडीवर पाय तत्काळ मोकळा होणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

१८८५ मध्ये इंग्लंडमधील जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. दोन्ही चाके जवळजवळ समान, साखळीने मागील चाकास गती आणि जमिनीवर पाय टेकता येईल अशी बैठक, ही तिची वैशिष्ट्ये होती. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या धावेचे पेटंट घेतले. या दोन सुधारणांमुळे सायकल सुरक्षित व वेगवान झाली. वेग वाढला तसा पाय पायडलवरून निसटण्याचा प्रश्न पुढे आला. सायकलचे दोन पायडल परस्परांच्या अगदी विरुद्ध बाजूंस असतात. एक पाय खाली दाबीत असताना दुसरा वर येत असतो. वर येणाऱ्या पायाचे वजन पायडलवर राहते आणि त्या प्रमाणात दाबणाऱ्या पायाचे श्रम वाढतात. हा वर येणारा पाय उचलून घेता आला, इतकेच नव्हे तर त्याने पायडल वर ओढता आला, तर शक्ती वाढेल, असा तर्क तेव्हापासून रूढ झाला. पाय बांधून ठेवण्याच्या सर्व साधनांच्या मुळाशी हा तर्क आणि पाय न निसटण्याची गरज अशी दोन कारणे आहेत.

२. पकडीच्या साधनांचा विकास

पायडलचे सर्वांत साधे रूप म्हणजे सपाट पायडल. त्यात पुन्हा दोन जाती झाल्या. धातूच्या दातेरी पट्ट्यांचा पायडल बुटाच्या तळाला चांगला धरून ठेवी, पण अनवाणी पायाला तो बोचे. रबरी ठोकळ्यांचा पायडल पायाला मऊ लागे व दैनंदिन वापराला सोयीचा ठरे. मात्र ओला झाला की तो निसरडा होई.

१८९० च्या दशकात शर्यतीच्या सायकलींवर टो-क्लिप प्रचारात आली. पायडलच्या पुढील बाजूस बसविलेला धातूचा पिंजरा आणि त्यातून जाणारा चामडी पट्टा असे तिचे स्वरूप होते. बोटांकडील भाग पिंजऱ्यात सरकवून पट्टा आवळला की पाय पुढे सरकत नाही व वरही उचलला जात नाही. पुढे शर्यतीच्या बुटांच्या चामडी तळाला खाच असलेली पट्टी, म्हणजे क्लीट, खिळ्यांनी ठोकण्याची पद्धत आली. ही खाच पायडलच्या कडेवर बसे आणि पट्टा आवळल्यावर पाय जवळजवळ जखडला जाई. उतरण्यापूर्वी स्वाराला वाकून हाताने पट्टा सैल करावा लागे. युरोपातील मोठ्या शर्यती जवळपास पाऊण शतक याच साधनावर लढल्या गेल्या.

बूट थेट पायडलमध्ये अडकविण्याची कल्पनाही तेवढीच जुनी आहे. अमेरिकेतील चार्ल्स हॅन्सन यांनी १८९५ मध्येच असे साधन योजले होते. परंतु ते रुळले नाही. १९७१ मध्ये इटलीच्या चिनेली कंपनीने ‘एम-७१’ नावाचा पायडल आणला. त्यातील बूट सोडविण्यासाठी हाताने खटका सरकवावा लागे. त्यामुळे त्याला आत्मघातकी पायडल असे उपहासाचे नाव पडले. या प्रश्नाचे उत्तर सायकलच्या जगाबाहेरून आले. बर्फावर घसरण्याच्या फळ्यांना बूट जोडणारी साधने तयार करणाऱ्या फ्रान्समधील लूक कंपनीने १९८४ मध्ये नवा पायडल बाजारात आणला. पाय दाबला की क्लीट अडके आणि टाच बाहेरच्या बाजूस वळविली की ती सुटे. हाताचे काम उरले नाही. १९८५ मध्ये बर्नार इनो यांनी हाच पायडल वापरून ‘तूर द फ्रान्स’ जिंकली आणि काही वर्षांतच टो-क्लिपची सद्दी संपली. या नव्या साधनाला ‘क्लिपलेस’ म्हणतात. पाय त्यात अधिक पक्का अडकत असताना नाव मात्र क्लिपविरहित, याचे कारण केवळ ऐतिहासिक आहे. त्यात जुनी टो-क्लिप नाही एवढाच त्याचा अर्थ.

१९९० च्या सुमारास जपानच्या शिमानो कंपनीने लहान धातूची क्लीट बुटाच्या तळात खोलवर बसविण्याची पद्धत आणली. त्यामुळे स्वाराला सायकलवरून उतरून चालता येऊ लागले. लूक पद्धतीची मोठी क्लीट तळाच्या बाहेर येत असल्याने चालणे अवघड जाई. ही सुधारणा लक्षणीय आहे. पाय यंत्राला बांधण्याच्या शंभर वर्षांच्या प्रयत्नांनंतर त्याला पुन्हा चालताही आले पाहिजे, ही गरज त्यातून मान्य झाली.

३. भारतीय सायकल, खडाव आणि चप्पल

भारतात सायकल आली ती प्रथम इंग्रजी बनावटीची. मुंबईतील हिंद सायकल्स १९३९ मध्ये स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मद्रास, आसनसोल, सोनीपत व लुधियाना येथे कारखाने उभे राहिले. त्यांनी तयार केलेली काळी, भक्कम सायकल गवळ्यापासून शिक्षकापर्यंत सर्वांचे वाहन झाली. तिच्यावर कायम राहिला तो रबरी ठोकळ्यांचा सपाट पायडल. टो-क्लिप येथे शर्यतींपुरती मर्यादित राहिली. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्या स्पर्धकाला जे उपयोगी होते ते बाजारहाट करणाऱ्या स्वाराला नको होते.

याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हते. टो-क्लिप असो वा क्लीट, त्यांना बंद बूट लागतो. महाराष्ट्रातील पादत्राणांची परंपरा उघड्या पायतणाची आहे. खडावेच्या पुढील भागी एक खुंटी असते व ती अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्यामध्ये धरली जाते. चपलेत हेच काम चामडी अंगठा करतो आणि वरचा पट्टा त्याला साहाय्य करतो. दोन्हींत टाच मोकळी असते. देवघरात, पंगतीत, शेतात, उंबरठ्यावर, दिवसातून अनेकदा पायतण काढावे लागते अशा समाजात हाताचा उपयोग न करता पाय बाहेर काढता येणे हा पायतणाचा गुण ठरतो. वहाण पायाला घट्ट बांधण्यापेक्षा पायानेच वहाण धरून ठेवावी, हे तिचे तत्त्व होय.

सायकलवर याचा परिणाम सरळ होतो. चपलेत बोटे आधीच वहाण धरण्यात गुंतलेली असतात. त्यांच्यावर टो-क्लिपचा पिंजरा चढविला तर बोटांना धातू लागतो आणि मागे टाच मोकळी असल्याने पाय वर ओढताना चप्पल पायडलवरच राहते. म्हणजे वर ओढण्याची शक्ती पायापासून चपलेपर्यंत पोहोचतच नाही. सपाट रबरी पायडल आणि उघडी चप्पल यांची जोडी अडाणीपणातून जमलेली नाही. दोन साधने एकमेकांशी जुळली म्हणून ती टिकली.

वर्धा जिल्ह्यातील काळ्या मातीचाही येथे विचार करावा लागतो. पावसाळ्यात ही माती चिकट होते, चाकाला व तळव्याला लगडते. बुटाच्या तळात बसविलेली क्लीट अशा चिखलाने भरली तर ती पायडलमध्ये नीट अडकत नाही. पाणंदीवरून सायकल हाती धरून चालावे लागते आणि पाय वारंवार खाली टेकवावा लागतो. पुण्यासारख्या एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध असलेल्या गावातही चौकाचौकांत थांबण्याची गरज असल्याने सर्वसामान्यांचा पायडल सपाटच राहिला.

४. मगन चरखा : पावडीवरचा मोकळा पाय

नालवाडीचा संबंध येथून पुढे येतो. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा भावे ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्यास आले. २३ डिसेंबर १९३२ रोजी ते शहरापासून सुमारे दोन मैलांवर असलेल्या नालवाडीस राहावयास गेले आणि केवळ सूतकताईवर उपजीविका करता येते किंवा कसे याचा प्रयोग त्यांनी तेथे स्वतःवर केला. १९३८ मध्ये प्रकृती बिघडल्यावर ते धाम नदीकाठी पवनारला गेले. नालवाडीतील प्रयोगाला आर्थिक धार होती. कातणाराच्या दिवसभराच्या श्रमातून त्याचे पोट भरत नसेल तर खादीचा उपदेश पोकळ ठरतो, हा त्यातील मुद्दा होता. १९३५ मध्ये अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना किमान निर्वाह वेतन देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा हाच प्रश्न राष्ट्रीय पातळीवर आला होता.

मजुरी वाढविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे उत्पादन वाढविणे. नेहमीच्या चरख्यावर एक हात चाक फिरविण्यात आणि दुसरा सूत ओढण्यात गुंततो. प्रभुदास गांधी यांनी तयार केलेल्या मगन चरख्यात चाक फिरविण्याचे काम पायाकडे दिले गेले. त्यामुळे दोन्ही हात मोकळे होऊन दोन चात्यांवर एकाच वेळी दोन सूत ओढता येऊ लागले. १९२८ मध्ये निधन पावलेल्या मगनलाल गांधी यांचे नाव या चरख्याला देण्यात आले. वर्ध्यातील मगनवाडी आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी खुले झालेले मगन संग्रहालय यांनाही त्यांचेच नाव आहे. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात कोपराच्या दुखण्यामुळे महात्मा गांधींनी याच पायाच्या चरख्याचा आश्रय घेतला होता. यंत्रांविषयी कठोर भूमिका घेणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला होता. ते यंत्रही पायाने चालणारे होते.

शिवणयंत्र, हातमागाची पावडी आणि सायकलचा पायडल यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. शिवणयंत्राच्या रुंद पावडीला पट्टा नसतो. विणकर पावड्या बदलताना पाय एका पावडीवरून दुसरीवर सहज नेतो. त्याचा पाय बांधला तर विणकामच थांबेल. हे पाय निसटत का नाहीत? एक तर बसलेल्या माणसाच्या पायाचे वजन पावडीवर सरळ पडते. दुसरे, पावडीने फिरणाऱ्या जड चाकाचा संवेग दाब कमी असलेल्या क्षणातून यंत्राला पुढे नेतो. तिसरे, यंत्र जागच्या जागी असते, त्याला धक्के बसत नाहीत. म्हणजे पायाची पकड ही पट्ट्यावरच अवलंबून असते असे नाही. वजन, संवेग आणि स्थैर्य यांतूनही ती निर्माण होते. सायकलवर खडबडीत उतार व मोठा वेग आला की हे स्थैर्य जाते आणि तेव्हाच बांधणीची गरज भासते. संथ, समतल रस्त्यावर सायकलचा पायडल पावडीच्या अधिक जवळचा असतो.

५. गोसेवा चर्मालय : पायतण कोणाच्या हातचे?

पायाच्या कामाइतकाच महत्त्वाचा प्रश्न पायतणाचा होता. १९३४ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात गांधीजींनी ग्रामीण चर्मोद्योगावर लिहिताना दरवर्षी सुमारे नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे देशाबाहेर जाते आणि त्यातील बराचसा भाग तयार मालाच्या रूपाने परत येतो, असा अंदाज दिला होता. त्यांचा स्वतःचा या कामाशी जुना परिचय होता. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर ते चपला करण्यास शिकले होते आणि जनरल स्मट्स यांना त्यांनी चपलांचा जोड भेट दिला होता.

नालवाडीत १९३० च्या दशकाच्या मध्यास विनोबांचे सहकारी गोपाळराव वाळुंजकर यांच्या देखरेखीखाली गोसेवा चर्मालय उभे राहिले. कत्तल केलेल्या नव्हे, तर नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांचे कातडे कमावून त्याच्या वस्तू करणे हा त्याचा कटाक्ष होता. मृत जनावराचे कातडे, हाडे, मांस यांपैकी काहीही वाया जाऊ नये, कमावण्याची क्रिया स्वच्छ असावी आणि या कामावरचा अस्पृश्यतेचा कलंक जावा, अशी तिहेरी भूमिका त्यामागे होती. ग्रामसेवा मंडळाच्या १९३४ मधील स्थापनेने या परिसरातील खादी व ग्रामोद्योगांना संघटित रूप दिले.

परंतु या प्रयोगाकडे एकाच बाजूने पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. मृत जनावरे ओढणे ही महार समाजावर जन्माने लादलेली सक्ती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ मध्ये महाड येथे हे काम व मृतमांसाहार सोडून देण्याचे आवाहन केले. ज्या काळात नालवाडीत चर्मोद्योगाला प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न चालू होता, त्याच काळात, ऑक्टोबर १९३५ मध्ये, येवला येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. एका विचारात कामाला प्रतिष्ठा देऊन ते चालू ठेवायचे होते. दुसऱ्या विचारात ज्या कामाने माणूस बांधला गेला त्यातून आधी मोकळे व्हायचे होते. काम कितीही उपयुक्त असले तरी ते सोडता येण्याची मुभा नसेल तर त्याला प्रतिष्ठा कशी येणार, हा दुसऱ्या बाजूचा आक्षेप आजही विचारार्ह आहे.

चर्मालयाचे महत्त्व पायडलच्या संदर्भात असे, की पायतण ही तयार व तटस्थ वस्तू नसून तिच्यामागे कारागीर, कातडे आणि समाजरचना असते हे त्यातून ध्यानात येते. युरोपात क्लीट चामडी तळाला ठोकली जाई तेव्हा तीही चर्मकाराच्या कौशल्यावर अवलंबून होती. क्लिपलेस पायडलबरोबर आलेला कडक तळाचा बूट मात्र कारखान्यातच होतो व गावच्या कारागिराकडे तो दुरुस्त होण्याजोगा राहत नाही. चपलेचा तुटलेला अंगठा रस्त्याकडेला काही मिनिटांत शिवून मिळतो. निवडीच्या हिशेबात ही दुरुस्तीची सोयही धरावी लागते.

६. दत्तपूर : संवेदना हरवलेला पाय

तिसरा धागा नालवाडीलगतच्या दत्तपूरचा. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम येथे सुरू केले व त्यातून महारोगी सेवा समिती उभी राहिली. पुढे १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे कार्यही वर्ध्याहून सुरू झाले.

कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा झाली म्हणजे पायाची संवेदना जाते. जखमा होतात त्या रोगजंतूंमुळे नव्हे, तर वेदना न कळल्यामुळे तीच जागा पुनःपुन्हा दाबली व घासली गेल्याने. वेल्लोर येथे १९४० च्या दशकापासून काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांच्या संशोधनाने ही गोष्ट स्पष्ट झाली. त्यावरून मऊ सूक्ष्मरंध्री रबराचा आतला थर, कडक बाहेरचा तळ, खिळ्यांचा अभाव आणि टाचेमागे पट्टा असलेली चप्पल प्रचारात आली. टाचेमागील पट्ट्याचे कारण मर्मभेदी आहे. बधिर पायातून चप्पल गळून पडली तरी रुग्णाला ते कळत नाही. निरोगी माणूस अंगठ्याच्या पकडीने वहाण धरतो. ज्याची ती पकड व जाणीव दोन्ही गेली, त्याला पट्ट्याची गरज लागते.

पायडलच्या प्रश्नात हा अनुभव फार मोलाचा आहे. पाय बांधणारी सर्व साधने एक गोष्ट गृहीत धरतात, की पट्टा रुतला, बूट चावला किंवा क्लीटखाली दाब वाढला तर स्वाराला ते कळेल. कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायाच्या बाबतीत हे गृहीतक कोसळते. क्लीटचा दाब चवड्याच्या लहानशा भागावर एकवटतो. दातेरी पायडल पातळ तळातून टोचतो. आवळलेला पट्टा रक्तप्रवाह रोखतो. अशा पायाला रुंद, सपाट, धार नसलेला पायडल आणि टाचेला धरणारे मऊ पायतण हाच मार्ग योग्य ठरतो. पाय पायतणाला बांधलेला असावा, पायडलला नव्हे, असे या बाबतीत म्हणता येईल.

७. निवडीचे निकष

पाय वर ओढून शक्ती वाढते हा जुना तर्क प्रयोगांनी पुरता सिद्ध झालेला नाही. २००७ व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शरीरक्रियाशास्त्रीय प्रयोगांत असे दिसले, की मुद्दाम वर ओढण्याच्या पद्धतीने पायडलवरील बलाची दिशा सुधारते, पण शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेच्या मानाने मिळणारे काम वाढत नाही, उलट घटते. आणि संथ, स्थिर गतीत टो-क्लिप असण्यानसण्याने कार्यक्षमतेत फरक पडत नाही. संपूर्ण जोर लावून काढलेल्या अल्पकालीन धावेत मात्र कडक बूट व पक्की पकड यांचा लाभ दिसून येतो. दीर्घ पल्ल्यात, थकव्याने पाय भरकटू लागल्यावर, तो एका जागी राहणे हाही लाभच होय. अमेरिका खंड ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी जोडीने आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने पूर्ण केली. अशा स्वाराला दिवसाचे वीस-बावीस तास सायकलवर काढावे लागतात. त्याच्या गरजा शाळेत जाणाऱ्या मुलीच्या गरजांहून सर्वस्वी भिन्न आहेत.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमांतर्गत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. या मुलींच्या पायात कधी चप्पल, कधी कापडी बूट असतो. रस्त्यात त्यांना उतरावे लागते, दप्तर व कधी मैत्रीणही मागे असते. त्यांच्यासाठी रुंद, न घसरणारा सपाट पायडल हाच उत्तम होय. पायडल झिजून त्याचे रबर गेले आणि नुसता दांडा उरला तरी तो तसाच वापरला जातो. वस्तुतः तेथे खर्च करणे अधिक अगत्याचे आहे.

यावरून चार निकष मांडता येतील. पहिला, पाय किती वेळा जमिनीवर टेकवावा लागतो. दुसरा, पायात कोणते पायतण आहे व ते कोठे दुरुस्त होते. तिसरा, वेग व उतार यांमुळे पाय निसटण्याचा धोका किती आहे. चौथा, पायाला संवेदना आहे किंवा नाही. बहुतेक सायकलींच्या पायडलचे आटे एकाच मापाचे, नऊ सोळांश इंचाचे असतात. डावा पायडल उलट आट्यांचा असतो. त्यामुळे एकाच सायकलवर गरजेनुसार पायडल बदलता येतो. क्लीटची निवड करणाऱ्याने सुटण्याचा ताण प्रथम कमी ठेवावा व सराव उभ्या सायकलीवर भिंतीचा आधार घेऊन करावा. गुडघा दुखू लागल्यास क्लीटची दिशा तपासावी. पाय काही अंश वळू देणाऱ्या क्लीट त्यासाठीच निघाल्या.

निष्कर्ष

पायडलच्या पकडीचा इतिहास सामान्यतः प्रगतीची चढती पायरी म्हणून सांगितला जातो. आधी सपाट पायडल, मग टो-क्लिप, शेवटी क्लिपलेस असा त्याचा क्रम लावला जातो. नालवाडी परिसराचा इतिहास समोर ठेवला असता ही मांडणी अपुरी ठरते. मगन चरख्याने पायाला काम दिले ते हातांना मोकळे करण्यासाठी. चर्मालयाने पायतणामागच्या श्रमाला प्रतिष्ठा देऊ पाहिली, आणि त्याच वेळी जन्माच्या बंधनातून मोकळे होण्याची मागणी अधिक मूलभूत असल्याचे आंबेडकरी चळवळीने दाखविले. दत्तपूरने शिकविले, की बांधणी ही पायाच्या गरजेतून यावी, साधनाच्या सोयीतून नव्हे.

शर्यतपटूला पक्की पकड हवी, कारण त्याचा पाय तासन्‌तास जमिनीला लागत नाही. ज्याचा पाय दिवसातून शंभर वेळा जमिनीवर येतो, त्याला सपाट पायडल हवा. दोन्ही निवडी आपापल्या जागी शास्त्रशुद्ध आहेत. काळ्या मातीच्या रस्त्यावर चप्पल घालून सायकल चालविणारा मनुष्य तंत्रज्ञानात मागे राहिला असे समजण्याचे कारण नाही. पायडल आणि पाय यांचा मेळ त्याने आपल्या परीने केव्हाच घातला आहे. त्याला हवा आहे तो झिजलेला नसलेला पायडल आणि पायाला साजेसे पायतण. तेवढे त्याला मिळवून देणे हे अधिक निकडीचे काम होय.